छाट धरून

दुपारचे तीन. पत्रा तापून टणटण वाजतोय,
आणि मी कारखान्याच्या जुन्या वहीत
(निवृत्त होताना तेवढी एक उचलून आणली)
आकडा मांडून बसलोय:
दोन हजार चारशे युनिट.

फंडाचे सव्वा लाख आले होते,
अक्कलकोट रोडला सव्वीस वर्षं
घडी खात्यात टॉवेल मोजल्याचे.
भाचा मुरलीधर म्हणाला, मामा, एफडीत काय ठेवलालाव,
हा ईटीएफ बघा, शेअरसारखा घ्यायचा,
दर तिमाहीला लाभांश,
यील्ड साडेसातच्या वर.
बावन्न रुपयांना एक. घेतले.
दोनशे रुपये उरले, त्यातले काही दलालीत गेले,
बाकीच्यांची शेंगाचटणी आणली.

आता अंदाज.
गेल्या चार वेळचे आकडे मुरलीनं फोनवर सांगितले:
एक रुपया दहा. पंच्याऐंशी पैसे.
एक चाळीस. साठ पैसे.
बेरीज तीन पंच्याण्णव, गुणिले चोवीसशे,
नऊ हजार चारशे ऐंशी वर्षाचे.
भागिले बारा.
सातशे नव्वद बरोब्बर, बाकी शून्य.
बाकी शून्य आली की हिशोब खरा वाटतो,
ही कारकुनाची जुनी खोड.
मी पेन्सिल कानावर ठेवली.

"एंता?" नागमणीनं विचारलं.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
हात पान गुंडाळतोय, नजर वर नाही.
सांगितलं.
ती म्हणाली, "छाट धरली का?"

छाट म्हणजे, हजार विड्या वळून नेल्या
की चेकर मूठ उचलतो,
ही सैल, ही बारीक, हिचं तोंड उघडं,
आणि टाकतो बाजूला.
वळायची मजुरी नाही, पान मात्र आपलं गेलं.
चाळीस वर्षं ही बाई हजाराचा बाजार
नऊशेंत आणते.

आणि मी?
साठ इंच विणलेला टॉवेल धुलाईत आटतो,
हे मीच पोरांना शिकवलं,
मागावरची लांबी गिऱ्हाईकाला सांगू नये म्हणून.

पुन्हा फोन लावला.
मुरल्या, एवढं यील्ड कशामुळं रे?
तो जरा थांबला.
भाव सत्तरचा बावन्न झाला ना मामा.
म्हणजे लाभांश वाढलाच नव्हता,
खालचा भाव खचला म्हणून टक्का उंच दिसला.
पोराचं अंग तापलंय,
आणि आपण म्हणायचं, बाळसं धरलं.
आणि लाभांश निघाला की तेवढाच भाव उतरतो का?
साधारण तसंच, मामा.
टॉवेलचाच काठ कापून
रुमाल शिवून दिल्यासारखं.

मग मी सगळ्यात लहान आकडा घेतला, साठ पैसे,
आणि चारही तिमाह्यांना तोच लावला.
चारशे ऐंशी महिना.
सातशे नव्वद खोडलं नाही,
खाली लिहिलं.
दोन आकडे एकमेकांकडे बघत राहिले,
जावई आणि सासऱ्यासारखे.

"चारशे ऐंशीवर गॅस, लाईट बघा," नागमणी म्हणाली,
"वरचं आलं तर गड्ड्याला जाऊ,
पाळण्यात नाही बसणार मी."

काल बँकेचा मेसेज आला.
युनिटला अठ्ठ्याहत्तर पैसे.
अठराशे बाहत्तर रुपये.
मी धरले होते चौदाशे चाळीस.
"एंता?"
चारशे बत्तीस वर, मी म्हणालो,
आणि आवाज उगीचच वर गेला.

तिनं बंडलातली एक विडी काढली,
दोन बोटांत दाबून पाहिली,
दोरा सोडला,
तंबाखू सुपात झटकली
आणि तेच पान पुन्हा वळायला घेतलं.
चेकर अजून चार गल्ल्या लांब होता.

"पुढच्या वेळी?"
मी वही उघडली. पेन्सिलीला टोक नव्हतं.
"कात्री दे," मी म्हणालो.